रिझ्युमेत तुमचा निर्णय दिसू द्या

तिसगावातूनच बोलतोय, मधेच एसटीचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या.

चाकण-पिंपरीच्या गाडी कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय म्हणून आपल्या पाथर्डी तालुक्यातली पोरं मला रिझ्युमे पाठवतात. निम्मे तर लग्नाचे बायोडेटा वाटतात. वडिलांचं नाव, जात, फोटो... काढा ते.

अ‍ॅपमध्ये काही चुकलं तर रात्रीत अपडेट देता येतं. गाडीत एक पार्ट बदलायचा तर डाय, व्हेंडर, टेस्टिंग, सगळं आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हा गाड्या महागल्या, काही मॉडेल बंदच झाली. कुठलं ठेवायचं, गिऱ्हाईक किती जास्त मोजेल, हे ठरवणं म्हणजे ही नोकरी.

एकजण ट्रॅक्टरच्या शोरूमला होता. रिझ्युमेत लिहिलेलं, 'ग्राहकांशी संवाद साधला.' म्हटलं, नेमकं केलंस काय? तर म्हणाला, ऊसतोडीच्या सीझनला क्लचप्लेटा संपायच्या. मागच्या दोन सीझनची बिलं काढून मी आधीच माल मागवायला लावला. चार-चार दिवस उभे राहणारे ट्रॅक्टर त्याच दिवशी सुटायला लागले.

अरे भावा, हेच लिही की! अगदी पहिल्या ओळीत.

आकडा मात्र फुगवू नका. 'कुठून काढला?' असं इंटरव्ह्यूत विचारतातच. 'बिलं मोजून' म्हणता आलं, की पुढचं बोलणं सोपं.

एक पान पुरे. पीडीएफ करा. आणि मेल आयडीत 'किंग' असेल, तर तो आजच बदला.