माळ्यावरच्या टेलिफोन-फिती

सिनेमाच्या रिळांसाठी पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या कुणाच्या माळ्यावर प्रशिक्षणाच्या ध्वनिफिती असतील, तर त्या आपणच सांभाळायच्या. आधी लेबल वाचा. ‘डाक-तार’ लिहिलं असेल तर फीत बहुधा १९८५पूर्वीची, कारण त्या वर्षी दूरसंचार खातं वेगळं झालं. ‘बीएसएनएल’ असेल तर २०००नंतरची. मग रीळ उजेडासमोर धरा. प्रकाश आरपार आला, तर फीत ॲसिटेटची. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर ती लगेच इतरांपासून वेगळी ठेवा. आणि कृपा करून घाईनं वाजवून पाहू नका! चिकटलेल्या फितीचा चुंबकीय थर खरवडून निघतो, त्याबरोबर ऑपरेटरांना शिकवणारा तो आवाजही जातो. पावसाळ्याआधी फिती कोरड्या, थंड कपाटात उभ्या ठेवा.