कागद आपल्या हातात हवा
(विडी कामगार महिलांच्या शिबिरातील भाषण, सोलापूर)



विडी कामगाराच्या ओळखपत्राची किंमत तुम्हाला सांगायला नको. कार्ड नसेल तर विडी कामगारांच्या दवाखान्यात आपल्याला विचारणार कोण? आखातात घरकामाला जाणाऱ्या बाईचं तसंच आहे.

दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टला 'ईसीआर' लागतं. म्हणजे सौदी, कुवेत, ओमानसारख्या देशांत नोकरीला जाण्याआधी १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी हवी. या परवानगीसाठी विमा काढावाच लागतो. त्याचं नाव प्रवासी भारतीय बीमा योजना. २०१७ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख, इस्पितळाचा खर्च १ लाखापर्यंत, शिवाय बाळंतपणासाठीही काही रक्कम.

दलाल म्हणतो, "व्हिजिट व्हिसावर चला, तिकडं बदलून घेऊ." त्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही, नोंदलेला करार नाही, हा विमाही नाही. आजारी पडलात, मालकानं पासपोर्ट काढून घेतला, तर दाद कुठं मागणार?

घरकामासाठी तिशीच्या आतल्या बाईला सरकार ही परवानगी देत नाही. हेतू रक्षणाचा असेल. पण पोटासाठी निघालेली बाई थांबत नाही, ती चोरवाटेनं जाते आणि जास्तच असुरक्षित होते. म्हणून आपली मागणी बंदीची नाही, हक्काच्या संरक्षणाची आहे.

तोवर एवढं करा : व्हिसा कशाचा आहे ते वाचून घ्या. करार, व्हिसा, पॉलिसी यांच्या झेरॉक्स घरी ठेवा, एक संच संघटनेकडे द्या.