तक्त्यातला पहिला रकाना

(माध्यमिक शाळांत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका आणि किशोरी-गट चालवणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला दिलेला विषय आहे : ‘इतिहास व नागरिकशास्त्र शिकवताना तुलनेच्या तक्त्यांचा आणि आकृत्यांचा वापर’. विषय ऐकून काही जणींना बी.एड.चे पाठ आठवले असतील. रंगीत खडू, गुंडाळीफळा, शैक्षणिक साधन आणलं म्हणून दोन गुण. मी बी.एड. नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेव्हापासून वस्तीतल्या आणि गावातल्या मुलींचे गट चालवते. आमच्याकडे साधन म्हणजे ब्राऊन पेपर, स्केचपेन आणि सुतळीचं एक बंडल. तेवढ्यावर काय करता येतं आणि काय बिघडू शकतं, एवढंच मी सांगणार आहे.

तुलना ही काही बाहेरून आणलेली पद्धत नाही. मराठीतलं स्त्रीमुक्तीचं पहिलं म्हणता येईल असं पुस्तक नावानंच तुलना आहे. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२ साली पुण्यात छापलेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून एकूण बायकांच्याच चारित्र्यावर राळ उडाली. त्या रागातून बुलढाण्याच्या या बाईनं लेखणी उचलली. पुस्तक वाचताना तिची पद्धत बघा. बायका अविचारी, कपटी, चंचल, अशी दोषांची यादी पुरुषांनीच तयार केलेली होती. ताराबाईंनी ती यादी तशीच ठेवली आणि शेजारी दुसरा रकाना आखला. एकेक दोष घेऊन विचारलं, हा तुमच्यात किती आहे? गंमत अशी की जॉन व्हेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञानं आपली वर्तुळं मांडली ती १८८०मध्ये. नववीच्या गणितात ‘संच’ शिकताना आपण काढतो त्याच त्या वेनआकृत्या. ताराबाईंना त्यांची गरज पडली नाही.

आता वर्तुळांकडे येते. जमिनीवर सुतळीची दोन मोठी वर्तुळं करायची, एकमेकांत थोडी शिरलेली. एका वर्तुळात विजयालक्ष्मी, दुसऱ्यात रखमाबाई. दोघी एकाच काळातल्या आणि दोघींचे खटले मुंबई इलाख्यातच चालले. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेलं. नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४मध्ये ती नांदायला यावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, पुढे तो फिरला आणि मार्च १८८७मध्ये हुकूम झाला, की महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

ही माहिती मी मुलींना चिठ्ठ्यांवर लिहून देते, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. चिठ्ठी कुठे ठेवायची हे गटानं भांडून ठरवायचं. ‘लहानपणी लग्न’, ‘न्यायाधीश सगळे पुरुष’, ‘मताचा अधिकार नाही’ या चिठ्ठ्या पटापट जागी बसतात. अडते ती एक चिठ्ठी : ‘१८५६च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाहाची परवानगी’. एका गटात ती मध्ये ठेवली गेली, कारण कायदा दोघींच्या काळात होताच. मग एक मुलगी उठली. रखमाबाईंची आई जयंतीबाई स्वतः विधवा होती आणि तिनं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं. सुतार समाजात त्याला आडकाठी नव्हती. विजयालक्ष्मीच्या जातीत असं लग्न केलं तर वाळीत पडायची पाळी. कायदा एकच, पण एकीच्या घरात त्याची गरजच नव्हती आणि दुसरीच्या घरात तो पोचलाच नव्हता. ती म्हणाली, ‘‘ताई, चिठ्ठी मध्येच राहू दे, पण तिचे दोन तुकडे करा.’’ केले. कायदा आणि रूढी यांतला फरक सांगायला नागरिकशास्त्राचं पुस्तक जेवढी जागा घेतं, त्याहून हे थोडक्यात झालं.

दुसरी अडलेली चिठ्ठी होती ‘सुरत’. ती अर्थात विजयालक्ष्मीकडे गेली. मी थांबले, मग सांगितलं की रखमाबाई पुढे लंडनला वैद्यकी शिकल्या आणि १८९५पासून कित्येक वर्षं त्यांनी सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात काम केलं. चिठ्ठी हळूच मध्ये सरकवली गेली. कुणी काही बोललं नाही, मीही भाष्य केलं नाही. सगळं बोलून दाखवायची आपल्याला सवय आहे, ती अशा वेळी आवरावी.

वर्तुळांपेक्षा तक्ता जास्त धोक्याचा. इतिहासाच्या पुस्तकात ‘पुढील तक्ता पूर्ण करा’ असतं, तेव्हा डावीकडचा पहिला रकाना छापून आलेला असतो. सुधारकाचं नाव, संस्था, ग्रंथ, कार्य. सावित्रीबाई फुले आणि पंडिता रमाबाई यांना या खणांत बसवायला मुलींना पाच मिनिटं लागतात, आणि त्या दोघी एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटायला लागतात. १८४८, पुणे, मुलींची शाळा. १८८९, मुंबई, शारदा सदन. दोघींचं ‘कार्य’ : स्त्रीशिक्षण. झालं, मार्क मिळाले. तुलना कशावरून करायची हे ज्यानं आधीच ठरवलं, त्यानं उत्तरही निम्मं ठरवलेलं असतं.

म्हणून आम्ही पहिला रकाना कोरा देतो. प्रश्न मुलींनी लिहायचे. एका आठवी-नववीच्या गटानं लिहिलेले असे : शिकवलं कोणी? पैसे कोणी दिले? घरातून कोणी काढलं? दार कोणत्या जातीच्या बाईला उघडं होतं? मूल होतं का?

आता तेच खण वेगळं बोलायला लागतात. सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवलं, रमाबाईंना त्यांच्या आईनं, तेही संस्कृत. १८४९मध्ये फुले दांपत्याला जोतीरावांच्या वडिलांचं घर सोडावं लागलं. रमाबाईंनी १८८३मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढे त्यावरून पुण्यातली कितीतरी दारं त्यांना बंद झाली. पैशाच्या खणात शारदा सदनासाठी बोस्टनमध्ये स्थापन झालेली मंडळी आली. जातीच्या खणात खरी खळबळ होते. फुल्यांनी महार-मांगांच्या मुलांमुलींसाठी शाळा काढल्या. शारदा सदन आधी उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सगळ्या जातींच्या बायकामुली आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ उभं राहिलं. आणि मुलाच्या खणात यशवंत येतो, फुल्यांनी दत्तक घेतलेला ब्राह्मण विधवेचा मुलगा. फुल्यांनी आपल्या घरीच १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी सुतळीच्या वर्तुळात विजयालक्ष्मी बघितलेल्या मुलीच मला विचारतात, ‘‘ती सुरतेऐवजी पुण्यात असती तर?’’ हा प्रश्न कुठल्याही स्वाध्यायात सापडायचा नाही.

मोठ्या माणसांना एकमेकांशेजारी उभं केलं की आपल्यातल्या काही जणी अस्वस्थ होतात. सावित्रीबाई श्रेष्ठ की रमाबाई, असा सूर निघेल म्हणून. तो काढूच नये. तक्त्याला शेवटी बेरीज नसते.

आणखी एक तक्ता आहे, सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यात घातक. ‘पूर्वी’ आणि ‘आता’. पूर्वी मुली शाळेत जात नसत, आता जातात. पूर्वी मत नव्हतं, आता आहे. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. पंधरा वर्षांच्या मुलीला हा तक्ता एवढंच सांगतो की तुझं सगळं झालेलं आहे, आता तक्रार कसली? मी तिथे दोनाऐवजी तीन रकाने घेते : कायद्यात, यादीत, प्रत्यक्षात. मताचंच उदाहरण घ्या. मुंबई इलाख्यात बायकांना मत १९२१मध्ये मिळालं, पण मालमत्ता असलेल्यांना. १९५०च्या संविधानानं सगळ्यांना दिलं. आणि १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद होती. कायद्याच्या खणात हक्क आणि यादीच्या खणात शून्य. गावातल्या गटांत लगेच पुढचा खण भरला जातो : १९९३मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू होऊन एक तृतीयांश जागा, २०११मध्ये महाराष्ट्रात निम्म्या, आणि ‘प्रत्यक्षात’खाली कुणीतरी लिहितंच, ‘सरपंचांचे मिस्टर’.

हाच तीन रकान्यांचा तक्ता आम्ही जमिनीच्या हक्कावर केला, ते जरा सविस्तर सांगते. तालुक्याच्या गावातला अकरावीच्या मुलींचा गट. पहिल्या ओळीत १९५६चा हिंदू वारसा कायदा : वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगा जन्मानं हिस्सेदार, मुलगी नाही, वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वाट्यात तिचा वाटा. दुसऱ्या ओळीत महाराष्ट्राची १९९४ची दुरुस्ती : मुलगीही जन्मानं हिस्सेदार, पण २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेली असेल तर नाही. तिसरीत ९ सप्टेंबर २००५ची केंद्राची दुरुस्ती : लग्नाची अट गेली. चौथीत सर्वोच्च न्यायालयाचा २०२०चा निकाल : २००५मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क आहे. मात्र २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर नोंदणीनं किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेलं वाटप उकरता येत नाही. गटात दोन मुसलमान मुली होत्या. त्यांना हा तक्ता लागू नाही. त्यांनी आपला वेगळा आखला : मुलीचा हिस्सा पूर्वीपासून आहे, पण भावाच्या निम्मा, आणि १९३७च्या शरियत कायद्यानं शेतजमीन बाहेरच ठेवलेली. दोन्ही तक्ते भिंतीवर शेजारी लावले. ‘आमचा कायदा चांगला’ म्हणायला कुणालाच फारशी जागा उरली नाही.

मग ‘आमच्या घरी’ हा रकाना. एका मुलीच्या दोन आत्या. थोरलीचं लग्न १९९१चं, धाकटीचं १९९७चं. आजोबा २००१मध्ये गेले, वाटप कधी झालंच नाही. मुलीनं बोट ठेवून वाचलं : १९९४च्या ओळीत धाकटी आत आणि थोरली बाहेर, २००५च्या ओळीत दोघी आत. सख्ख्या बहिणी, आणि मधली अकरा वर्षं एक हिस्सेदार व एक पाहुणी, ते केवळ लग्नाच्या तारखेमुळे. मग ती गप्प बसली. कारण त्याच महिन्यात तिच्या वडिलांनी दोघी बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं होतं.

तिनं तक्ता वहीत उतरवून घेतला. पुढचं तिनंच सांगितलेलं. थोरल्या आत्यानं तक्ता न बघताच सही केली. धाकटी तो बघून म्हणाली, ‘‘यात सगळं आहे गं, पण सही नाही केली तर माहेर तुटतं, ते कुठल्या खणात?’’ मुलगी परत आली आणि गटानं तक्त्याखाली एक ओळ वाढवली. पहिल्या रकान्यात लिहिलं ‘माहेर’. पुढचे खण भरताना गटाची दोन सत्रं गेली. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून माहेर तुटलेली बाई कोणाच्या माहितीत आहे? नाव सोडूनही तुटलेली आहे? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त निघाली. मुली म्हणाल्या, म्हणजे माहेर भावाच्या मर्जीवर टिकतं, सहीवर नाही.

धाकट्या आत्यानं अजून सही केलेली नाही. यंदा तिला भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. मुलीशी तिचे वडील महिनाभर धड बोलत नव्हते आणि ‘त्या वर्गाला’ जाऊ नको म्हणाले. आईनं मध्ये पडून पाठवलं. आईचंही माहेर आहे, तिथेही भाऊ आहेत, हे सांगायला नको. मी हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. तुमच्यापैकी कुणी हा तक्ता वर्गात घेणार असेल तर तो घरी जाणार आहे हे धरून घ्या. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीचा पत्ता आणि एखाद्या वकीलबाईचा फोन तक्त्याच्या आधी तयार हवा, नंतर नव्हे.

‘पोर्शन कधी पुरा करायचा?’ हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो आहे. वर्तुळांना दोन तासिका लागतात, कोऱ्या रकान्याच्या तक्त्याला एक. सगळे धडे असे घ्यायचे नाहीत, वर्षातून चार पुरेत. मुलगे असलेल्या वर्गात गट मिश्र करा, पण पहिला रकाना एकदा मुलींना आणि एकदा मुलग्यांना वेगवेगळा लिहू द्या आणि ते दोन कागद शेजारी लावा. आणि ‘मुली अशा असतात, मुलगे असे असतात’ या मथळ्याची वर्तुळं मात्र कृपा करून काढू नका. प्रशिक्षणांतून ती फार चालतात. दोन माणसांच्या स्वभावांची तुलना करण्यापेक्षा त्यांना लागू असलेल्या दोन नियमांची करा. स्वभाव भरताना मुलं ऐकलेलंच लिहितात, नियम भरताना त्यांना शोधावं लागतं.

आता चहा होईल. त्यानंतर चार गट करू. दोन गटांना वर्तुळं, विषय तुमच्या आठवी ते दहावीच्या पुस्तकांतून तुम्हीच निवडा. दोन गटांना तक्ता, जमिनीच्या हक्काचा, स्वतःच्या घरचा. नावं लिहू नका, लग्नाचं साल तेवढं लिहा. सुतळी आणि कागद खिडकीजवळ ठेवले आहेत.