शस्त्राचा हक्क आणि माणसाचा वर्ण

इसवी सन १९६७ च्या मे महिन्यातील दुसरा दिवस. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची राजधानी सॅक्रामेंटो येथील विधानभवनाजवळ तीस कृष्णवर्णीय नागरिक येऊन दाखल झाले. त्यांत चोवीस पुरुष होते व सहा स्त्रिया. अनेकांच्या हाती बंदुका होत्या आणि त्या त्यांनी लपविल्याही नव्हत्या. बाहेर हिरवळीवर राज्याचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन शाळकरी मुलांना भेटत होते. आलेली मंडळी प्रेक्षकांच्या सज्जाकडे जाण्याचा मार्ग शोधीत होती; परंतु वाट चुकून ती थेट सभागृहातच शिरली. पोलिसांनी त्यांच्या बंदुका काढून घेतल्या. पण उघडपणे बंदूक बाळगणे हा त्या राज्यात तेव्हा गुन्हा नव्हता, म्हणून त्या परत द्याव्या लागल्या. पुढे त्याच दिवशी त्यांच्यापैकी बहुतेकांना निराळ्या आरोपांखाली अटक झाली, ही गोष्ट वेगळी.

ही मंडळी ब्लॅक पँथर या पक्षाची होती. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघा तरुणांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड शहरात हा पक्ष स्थापन केला. महाराष्ट्रातील श्रोत्यांना हे नाव अपरिचित वाटणार नाही. कारण १९७२ मध्ये मुंबईत जन्मास आलेल्या दलित पँथरने आपले नाव याच पक्षावरून घेतले. ओकलंडमधील कृष्णवर्णीय वस्त्यांत पोलिसांच्या दंडेलीविषयी फार मोठा असंतोष होता. पँथर पक्षाचे तरुण भरलेल्या बंदुका आणि सोबत कायद्याची पुस्तके घेऊन पोलिसांच्या गाडीमागोमाग जात. पोलिसांनी कोणास रस्त्यात अडविले, की कायद्याने आवश्यक तितके अंतर राखून उभे राहत आणि अडविलेल्या माणसास त्याचे हक्क मोठ्याने सांगत. कायदा मोडण्यापेक्षा तो अक्षरशः पाळण्यावरच त्यांचा भर होता.

याच प्रघातास आळा घालण्यासाठी डॉन मलफर्ड नावाच्या सदस्याने विधानसभेत एक विधेयक मांडले. सार्वजनिक ठिकाणी भरलेले शस्त्र बाळगण्यास बंदी, हा त्याचा गाभा. त्याला विरोध नोंदविण्यासाठीच ती तीस माणसे राजधानीत आली होती. त्यांच्या येण्याने विधेयक मागे पडले नाही, उलट अधिक वेगाने पुढे सरकले. रस्त्यावरून नागरिकाने भरलेले शस्त्र घेऊन फिरण्याचे काहीच कारण दिसत नाही, अशा आशयाचे उद्गार रेगन यांनी त्याच दिवशी काढले, आणि २८ जुलै १९६७ रोजी त्यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. बंदूकधारकांची सर्वांत बलिष्ठ संघटना जी नॅशनल रायफल असोसिएशन, तिचाही या कायद्यास पाठिंबा होता.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहावी. हेच रेगन १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा याच संघटनेने त्यांचा पुरस्कार केला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारास या संघटनेने पाठिंबा जाहीर करण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढे १९८६ मध्ये बंदुकांवरील केंद्रीय निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर याच रेगन यांनी सही केली. एकोणीस वर्षांत माणूस तोच, संघटना तीच, राज्यघटनाही तीच. मग बदलले काय?

याचे उत्तर घाईने देणे न्याय्य होणार नाही. १९६७ च्या कायद्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. तो गोऱ्यांनाही तितकाच लागू होता. त्या जुलै महिन्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइट ही शहरे दंगलींनी होरपळत होती. भरलेल्या बंदुका घेऊन कोणी विधानसभेत यावे, हे कोणत्याही राज्यकर्त्यास मानवणारे नव्हते. रेगन यांचीही भूमिका पुढे एकसारखी राहिली नाही. १९८१ मध्ये त्यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि निवृत्तीनंतर १९९१ मध्ये त्यांनी पिस्तुलांच्या खरेदीवर निर्बंध घालणाऱ्या ब्रॅडी विधेयकास जाहीर पाठिंबा दिला. हे सारे मान्य करूनही एक शंका उरतेच: वर्षानुवर्षे जो कायदा कोणास खुपला नव्हता, तो नेमका त्याच वर्षी का खुपावा? या शंकेचे मूळ शोधण्यासाठी तीनशे वर्षे मागे जावे लागते.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ ची. मूळ इंग्रजीत ती सत्तावीस शब्दांचे एकच वाक्य आहे. सुव्यवस्थित लोकसेना स्वतंत्र राज्याच्या रक्षणास आवश्यक असल्यामुळे शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर आक्रमण होऊ नये, असा तिचा आशय. या वाक्यातील सर्वांत कठीण शब्द ‘शस्त्रे’ हा नसून ‘लोक’ हा आहे. लोक म्हणजे कोण?

व्हर्जिनिया वसाहतीने १६८० मध्येच कायदा करून कृष्णवर्णीयांना सोटा, काठी, बंदूक, तलवार यांपैकी काहीही बाळगण्यास मनाई केली होती. कायद्याच्या शीर्षकातच त्यांच्या बंडाचा प्रतिबंध हा हेतू नमूद होता. पुढे १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी, कृष्णवर्णीय हे या देशाचे नागरिक होऊच शकत नाहीत, असा निर्णय दिला. त्यांना नागरिक मानले तर कोणते अनर्थ ओढवतील याची यादीच त्यांनी दिली आणि त्यांत, मग हे लोक जातील तेथे शस्त्रे घेऊन जाऊ शकतील, हेही एक कलम होते. शस्त्राचा हक्क हे नागरिकत्वाचे लक्षण आहे, हे न्यायमूर्तींना पुरते ठाऊक होते. म्हणूनच तो हक्क टाळण्यासाठी नागरिकत्वच नाकारणे त्यांना सोयीचे वाटले.

यादवी युद्ध संपले, गुलामगिरी नष्ट झाली; परंतु १८६५ मध्येच मिसिसिपी राज्याने असा कायदा केला, की मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने परवान्यावाचून बंदूक किंवा दारूगोळा जवळ ठेवू नये. परवाना देणारे मात्र कालपर्यंतचे मालकच. या जुलमाला उत्तर म्हणून वॉशिंग्टनच्या काँग्रेसने १८६६ मध्ये मुक्त लोकांच्या हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत घातला. १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती होऊन कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व निर्विवाद झाले. कागद पूर्ण झाला. तो पाळायचा कोणी, हा प्रश्न राहिला.

त्याचे उत्तर १८७३ च्या ईस्टरच्या रविवारी मिळाले. लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करीत असलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही ठार मारले. काही आरोपींवर खटले झाले. पण १८७६ मध्ये क्रुकशँक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दुसरी दुरुस्ती ही केवळ काँग्रेसला बांधते. एका नागरिकाने दुसऱ्याचे शस्त्र हिरावून घेतले, तर दाद राज्याकडे मागावी. आणि राज्य तर हल्लेखोरांच्या बाजूचे! अशा स्थितीत १८९२ मध्ये, आयडा बी. वेल्स या निर्भय पत्रकार स्त्रीने, प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलीस मानाचे स्थान असावे, असा सल्ला दिला, यात आश्चर्य ते काय?

त्यापुढील कायदे वर्णाचे नाव घेत नसत. ते काम अंमलबजावणी करी. १८९३ मध्ये फ्लोरिडा राज्याने अनेक बारी रायफलीसाठी परवाना सक्तीचा केला. १९४१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती बफर्ड यांनी आपल्या निकालपत्रात स्वच्छ लिहून ठेवले, की हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता. गोऱ्यांना तो लावण्याचा हेतू कधीच नव्हता. सरकारी दफ्तरात इतका स्पष्ट कबुलीजबाब क्वचितच सापडतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांचा अनुभवही याच मालिकेतला. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरी येथील त्यांच्या राहत्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. पुढे किंग यांनी घरातील शस्त्रेही दूर केली आणि अहिंसेचा मार्ग धरला. १९५९ मध्ये ते भारतात आले, तेव्हा मुंबईच्या मणिभवनात, गांधीजी जेथे राहत त्या वास्तूत, त्यांनी मुक्काम केला. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांचा वध झाला. तोही बंदुकीच्याच गोळीने. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी टपालाने बंदुका मागविण्यास आळा घालणाऱ्या केंद्रीय कायद्यावर सही केली.

आता आजकडे वळू. १९७७ मध्ये रायफल असोसिएशनची सूत्रे कडव्या गटाच्या हाती गेली आणि बंदूक हा पक्षीय निष्ठेचा विषय बनला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क ठरविला. २०१० मध्ये हाच हक्क राज्यांवर व शहरांवर बंधनकारक ठरविणारा निर्णय ज्या खटल्यात झाला, त्यातील वादी मॅक्डोनल्ड हे शिकागोतील एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होते. घरफोड्यांना कंटाळून त्यांना घरी पिस्तूल ठेवावयाचे होते, आणि शहराची बंदी आड येत होती. त्या निकालात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी क्रुकशँकच्या निर्णयावर कठोर टीका केली. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा परवान्याचा जुना कायदा न्यायालयाने रद्द केला, तेव्हा गरिबांची वकिली करणाऱ्या कित्येक कृष्णवर्णीय वकिलांनी तो रद्द व्हावा असेच मत दिले होते. कारण त्या कायद्याखाली त्यांच्याकडे येणारे आरोपी बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनवंशीय असत.

यावरून सारा कृष्णवर्णीय समाज बंदुकांच्या बाजूस आहे, असा समज होईल तर तो चुकीचा ठरेल. त्या समाजातील बहुसंख्य लोकांना अधिक कडक कायदेच हवे आहेत. कारण उघड आहे. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांत अर्ध्याहून अधिक आत्महत्या होत्या आणि त्यांत गोरे पुरुष अधिक. खुनांत बळी पडलेल्यांत मात्र निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा जेमतेम सातवा आहे. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या एका चर्चमध्ये बायबलचे वाचन करण्यास जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांचा आणि २०२२ मध्ये बफेलोच्या एका बाजारदुकानात दहा जणांचा वर्णद्वेष्ट्या तरुणांनी बळी घेतला. तेव्हा कायदा सैल असला तर मरण समोर उभे, आणि कडक असला तर त्याचा फास प्रथम आपल्याच गळ्यात, अशा दुहेरी कात्रीत हा समाज सापडला आहे.

२०२३ मधील प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत, स्वतःजवळ बंदूक असल्याचे गोऱ्यांपैकी शेकडा ३८ जणांनी, तर कृष्णवर्णीयांपैकी शेकडा २४ जणांनी सांगितले. रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेल्यांत हे प्रमाण शेकडा ४५, तर डेमोक्रॅटिक पक्षाकडे कल असलेल्यांत शेकडा २०. वर्ण, पक्ष आणि बंदूक ही तिन्ही सूत्रे एकमेकांत किती गुंतली आहेत, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

२०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात एका शाळेच्या भोजनगृहात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय गृहस्थाची मोटार पोलिसाने अडविली. आपल्याजवळ बंदूक आहे, असे त्याने आपण होऊन नम्रपणे सांगितले. बंदुकीचा परवाना त्याच्याजवळ होता. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या, आणि पुढील वर्षी ज्यूरीने त्या पोलिसास निर्दोष ठरविले. सॅक्रामेंटोच्या त्या तीस माणसांनी कायदा पाळला, तेव्हा कायदाच बदलण्यात आला. या गृहस्थाने तो पाळला, तेव्हा त्याचा प्राण गेला.

बंदुका अधिक असाव्यात की कमी, याचा निर्णय अमेरिकेच्या नागरिकांनी करावयाचा आहे. परंतु तो करताना त्यांना टॉनी यांनी १८५७ मध्ये टाळलेला प्रश्न टाळता येणार नाही. ‘लोक’ या शब्दात सर्व लोक येतात की नाही, हा तो प्रश्न. आणि त्याचे उत्तर न्यायालयाच्या निकालपत्रात जितके शोधावे लागेल, तितकेच रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेला अडविलेल्या मोटारीपाशीही शोधावे लागेल.