भिंतीवरील अनोळखी माणसे



आचऱ्यात जुने घर मोडून नवे बांधायला घेतले की प्रथम भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. देवादिकांची नावे लहान मूलही सांगते. अडचण येते ती शेजारच्या काळ्यापांढऱ्या फोटोंची. फेटा बांधून खुर्चीवर ताठ बसलेला हा गृहस्थ कोण? घरचा कर्ता म्हणतो, "आज्याचो कोण तरी असतलो." मग तो फोटो माळ्यावर जातो आणि दमट हवा व कसर आपले काम करतात.

हे फोटो बहुधा मुंबईचे. गिरणीत नोकरी लागली की चाकरमानी स्टुडिओत जाई. मागे रंगविलेला पडदा, बाजूला कुंडी, अंगातला कोट पुष्कळदा स्टुडिओचाच! खुशाली कळावी म्हणून तो फोटो गावी येई. आईला मुलाचे नाव लिहून कळविण्याची गरज काय? म्हणून ते लिहायचे राहिले.

साहेबाची तऱ्हा निराळी. विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या रहिवाशांच्या फोटोंचे दोन खंड १८६३ व १८६६ साली लंडनला प्रसिद्ध केले. त्यांत बहुतेकांची जात दिली आहे, नाव नाही. कित्येकांच्या मागचा देखावाही दुसऱ्याच फोटोतला जोडलेला!

आपल्या फोटोंचा काळ थोडाफार काढता येतो. पाठीवरच्या पत्त्यात 'जि. रत्नागिरी' असेल, तर तो बहुधा १ मे १९८१ पूर्वीचा. त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. सहा आकडी पिनकोड असेल, तर १९७२ नंतरचा. किंमत आण्यांत असेल, तर बहुधा १९५७ पूर्वीचा. नाव मात्र असे निघत नाही. सातबाऱ्यावर नाव असते, चेहरा नसतो. येथे नेमके उलटे.

बायकांचे त्याहून कठीण. पुरुषाचे नाव निदान एखाद्या फेरफारात सापडते. खुर्चीमागे उभ्या असलेल्या बाईचे माहेरचे नाव लग्नात गेले आणि सासरचे 'अमक्याची आई' म्हणता म्हणता गेले.

हे चेहरे ओळखणाऱ्या आता ऐंशी ओलांडलेल्या मोजक्याच आजी उरल्या आहेत. चतुर्थीला घर भरलेले असते, तेव्हा एकेक फोटो त्यांच्या हाती द्यावा. सांगतील ते नाव, बाईचे असल्यास माहेरच्या नावासह, मऊ पेन्सिलीने हलकेच पाठीवर लिहावे. शाई वापरू नये, ती पुढे उमटते.