चित्र हेच प्रमाण

(अंबाजोगाई येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'चित्रकथांतील अतिमानवी वीरांचे सचित्र कोश' हा विषय पत्रिकेत छापलेला पाहून, आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीने पुनीत झालेल्या या नगरीत असला पोरकट विषय कशाला, अशी पृच्छा काही वयोवृद्ध मंडळींनी सायंकाळी चहाच्या वेळी माझ्यापाशी केली. आणि मागल्या रांगांतून 'वेताळ, वेताळ' असा जो गजर आत्ता चालला आहे (हशा), त्याने त्या पृच्छेचे अर्धे उत्तर परस्पर दिले आहे. उरलेले अर्धे देणे माझ्याकडे येते. माझे प्रतिपाद्य असे की, ज्या वीराचे अस्तित्वच रेषेत आहे त्याच्या कोशात चित्र हा मजकुराचा अलंकार नसून तेच प्रमाण असते, आणि म्हणून ती रेषा कोणी काढली याची नोंद ज्यात नाही तो कोश अपुरा होय.

1938 साली सुपरमॅन, 1939 साली बॅटमॅन, हा वंशवृक्ष आपणां सर्वांस अवगत आहे. त्यात शिरत नाही. 1976 साली मायकेल फ्लायशर या अमेरिकन गृहस्थाने बॅटमॅनवर एक आणि वंडर वुमनवर एक असे कोशाचे दोन खंड प्रसिद्ध केले व 1978 मध्ये सुपरमॅनवरील खंड त्यांस जोडला. हे खंड मी वाचले तेव्हा त्यांतील शिस्तीने थक्क झालो. बॅटमॅनच्या कमरपट्ट्यात कोणकोणती साधने असतात याचे विवेचन करतानाही तो विधानापुढे अंकाचा क्रमांक व महिना नमूद करतो. एखाद्या शास्त्रीबुवांनी पुराणातील अध्याय-श्लोक द्यावेत, तीच ही निष्ठा! आणि शास्त्रीबुवांचे नाव मी उगाच घेत नाही. बरोबर शंभर वर्षे आधी, 1876 मध्ये, रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी भरतखंडाचा प्राचीन ऐतिहासिक कोश सिद्ध केला, आणि 1932 साली सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश आला. देव, दानव, ऋषी, राजे यांची वंशावळ, पराक्रम आणि आधारग्रंथ अकारविल्हे मांडण्याची विद्या मराठीला परकी नाही. मग ज्या विद्वत्तेचा आपण हनुमंताच्या नोंदीत गौरव करतो, तिला सुपरमॅनच्या नोंदीत पोरखेळ म्हणणे कोणत्या न्यायाने?

1983 च्या जानेवारीत मार्व्हल संस्थेने मार्क ग्रुएनवाल्ड यांच्या पुढाकाराने आपल्या पात्रांची अधिकृत पुस्तिका क्रमशः काढण्यास आरंभ केला. खरे नाव, व्यवसाय, जन्मस्थान, ज्ञात नातेवाईक, उंची, वजन, शक्ती, प्रथम दर्शनाचा अंक, असे तिचे रकाने आपल्या मराठवाड्यातील खासरा पत्रकासारखे काटेकोर आहेत. मयत व निष्क्रिय पात्रांसाठी तर स्वतंत्र अंक राखून ठेवलेले आहेत. (हशा) हसू नये. यात फार मोठा व्यवहार आहे. एका वीराचे चित्र दहा चित्रकार दहा वर्षे काढतात. मुखवट्याची कड कोठे येते, पट्टा किती रुंद, याचा दाखला त्यांनी कोणाकडे मागावा? वीराला जन्मपत्रिका नाही, समाधी नाही, वंशजही नाहीत. अस्सल दस्तऐवज एकच, तो म्हणजे त्याचे चित्र.

आता ज्या मुद्द्यासाठी मी इतका प्रवास करून आलो, तो सांगतो. सचित्र कोशाची ही कल्पना समुद्रापलीकडून आली असे मानणाऱ्यांनी या सभागृहातून उठून याच गावात जपून ठेवलेल्या दासोपंतांच्या पासोडीचे दर्शन घ्यावे. 1551 ते 1615 हा दासोपंतांचा काळ. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा जाड्याभरड्या वस्त्रावर या पुरुषाने पंचीकरणाचा विषय मजकूर आणि आकृत्या यांनी मांडला. ज्याने गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव रचला असे परंपरा सांगते, त्याला शब्दांची टंचाई खचित नव्हती. तरी तो रेषेकडे वळला, याचे कारण त्या विषयातच आहे. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी या पाच सूक्ष्म भूतांपैकी प्रत्येकाचे प्रथम दोन भाग करावयाचे. एक अर्धा भाग तसाच ठेवावयाचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार वाटे करून उरलेल्या चार भूतांत एकेक घालावयाचा. म्हणजे स्थूल पृथ्वीत अर्धी पृथ्वी आणि इतर प्रत्येकाचा अष्टमांश येतो. मी हे सांगत असता पुढच्या रांगेतील एक आजोबा बोटांवर हिशेब करीत आहेत, आणि तो बरोबर जुळतोही आहे; परंतु जी गोष्ट कानाला दमवते, ती रकान्यात आणि रेषेत पाहताच डोळा एका दृष्टिक्षेपात उचलतो. जगाची घडण ज्या घटकांतून झाली त्यांची नावे, प्रमाणे आणि परस्परसंबंध नजरेसमोर उलगडणारे ते वस्त्र म्हणजे, माझ्या मते, सचित्र कोशच होय. आणि मुखवटेवाल्या वीरांच्या पुस्तिकांची कुळी मी निःशंकपणे तेथपर्यंत नेतो. (टाळ्या)

अध्यक्षमहाशयांची चिठ्ठी आली आहे. केवळ दहा मिनिटे उरली आहेत असे त्यांचे म्हणणे, आणि तिकडे वेताळाची वाट पाहणारी मंडळी ताटकळली आहेत. तेव्हा 2004 मधील डीसीच्या जाडजूड रंगीत विश्वकोशाचा परामर्श सोडून देतो.

ली फॉक यांचा वेताळ 1936 मध्ये अमेरिकेत जन्मला. 1964 च्या मार्चपासून टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो आपल्याकडे आला आणि पुढे मराठीही बोलू लागला. मूळचा बंगाला देश येथे डेंकाली झाला, मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी नव्याने रंगविली. 1976 मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. आणि 1990 मध्ये ती मालिका थांबली. या फेरफारांची नोंद परदेशी कोशकाराने ठेवावी ही अपेक्षा अन्याय्य आहे. ते दप्तर आपले, ते आपणच लिहिले पाहिजे. 1986 साली हिंदीत अवतरलेल्या नागराजाला आरंभीचे रूप देणारे प्रताप मुळीक पुण्याचे, हे या सभागृहात कितीजणांस ठाऊक आहे? (मागून : "नाही!") अमर चित्र कथेतला कृष्ण आणि 'टिंकल'मधला सुपंडी रेखाटणारे राम वाईरकर यांची नोंद आपल्या कोणत्या कोशात मुलांना सापडते? वीराचे नाव आबालवृद्धांच्या मुखी आणि त्याला चेहरा देणारा अनामिक, ही स्थिती मला असह्य वाटते.

दुसरी चिठ्ठीही आली. म्हणून एवढीच विनंती करतो की, ज्यांच्या माळ्यावर इंद्रजालचे मराठी अंक असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. अंकाचा क्रमांक, साल, चित्रकाराचे नाव छापले असल्यास ते, आणि अंक कोणत्या गावी विकत घेतला हे एका कागदावर लिहून तो कागद अंकासह आपल्या गावच्या वाचनालयात द्यावा. पाने फाटलेली असली तरी चालतील. मुखपृष्ठ मात्र जपावे, कारण गोविंदांचे काम तेथेच आहे. पासोडीविषयी ज्यांना विचारावयाचे आहे त्यांच्यासाठी मी बाहेर ओसरीवर थांबतो.