दुधाच्या दातांची झीज



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, राज्यकारभार, वेदान्त, वाङ्मय असे भारदस्त विषय आपण नेहमी ऐकता. त्यांच्या पंक्तीला तीन-चार वर्षांच्या मुलांचे दात आणून बसविणे हे कित्येकांना धारिष्ट्याचे वाटेल. परंतु ज्या घरात लहान मूल दुखऱ्या दाताने रात्रभर रडले आहे, त्या घरातील माणसांना हा विषय लहान वाटणार नाही.

‘दुधाचे दात ते, आज ना उद्या पडायचेच आहेत, त्यांची एवढी चिंता कशाला?’ असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर आधी देऊ. दुधाचे दात एकूण २०. पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच वर्षांपर्यंत सर्व दात येऊन पुरे होतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे वाढीच्या ऐन काळात मुलाचे सारे चर्वण याच दाढांवर चालते. शिवाय त्या खाली येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. दोन दिवसांच्या पाहुण्यासारखी त्यांची उपेक्षा करून चालणार नाही.

आता दाताची रचना पाहू. दाताच्या बाहेरच्या कवचाला दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. त्याच्या आत डेंटीनचा पिवळसर, मऊ थर आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला गाभा. कायमच्या दाताच्या मानाने दुधाच्या दाताचे दंतवल्क सुमारे निम्म्या जाडीचे असते आणि त्यात खनिजाचे प्रमाणही कमी असते. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दाताला जी झीज ओरखड्याएवढी, ती लहान मुलाच्या दातात थेट आतल्या थरापर्यंत पोचते. आणि एकदा गेलेले दंतवल्क शरीर पुन्हा तयार करीत नाही.

झीज म्हणजे कीड नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. किडीत तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरते. झिजेला जंतूंची गरज नसते. म्हणून ‘आमच्या बाळाचा एकही दात किडलेला नाही’ एवढ्यावरून दात शाबूत आहेत असे ठरत नाही. स्कॉटिश शल्यवैद्य जॉन हंटर याने १७७८ सालच्या आपल्या दंतरोगांवरील ग्रंथात, किडीवाचून दाताचे कवच निघून जाते, या प्रकाराची वेगळी नोंद केली होती.

ही झीज तीन वाटांनी होते. दातावर दात घासून, बाहेरची खरखरीत वस्तू घासून आणि आम्लात विरघळून. पूर्वी जात्यावरच्या पिठातून दगडाची कच पोटात जाई आणि दात झिजत. आता कच गेली, पण आम्ल आले. बहुतेक वेळा या तिन्ही वाटा एकत्र येतात. आम्लाने पृष्ठभाग मऊ होतो आणि मग घासण्याचे काम सोपे होते.

आम्ल दातावर काय करते हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर ‘दात आंबले’ असे आपण म्हणतोच. शास्त्रज्ञ आम्लता पीएच या मापाने मोजतात. ७ म्हणजे शुद्ध पाणी, आणि आकडा एकाने खाली आला की आम्लता दहापट वाढते. सर्वसाधारणपणे ५.५ च्या खाली दंतवल्क विरघळू लागते. कोला पेयांचा पीएच अडीचच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा त्याच्याही किंचित खाली. मग दह्याचे काय, असे कोणी विचारील. दही आंबटच, त्याचा पीएच चारच्या आसपास. तरीही दह्याने दात झिजत नाहीत, कारण दह्यात कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर असतात आणि दातातील तीच द्रव्ये बाहेर काढून घेण्याची त्याला गरज उरत नाही. तेव्हा ताक-दह्यावर कोणी रोष धरू नये.

या झिजेचा प्रसार किती? ब्रिटनमध्ये १९९३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५२ टक्क्यांच्या वरच्या पुढच्या दातांची टाळूकडील बाजू झिजलेली आढळली. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत ती झीज डेंटीनपर्यंत किंवा त्याहून आत गेली होती. २०१० साली जगभरच्या पाहण्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सात वर्षांपर्यंतच्या मुलांतील डेंटीनपर्यंत पोचलेल्या झिजेचे प्रमाण कोठे शून्य, तर कोठे ८२ टक्के होते. मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या, म्हणून आकडे असे विखुरतात. पण वयाबरोबर झीज वाढते, हे त्यांतून स्पष्ट झाले. थोडी झीज तर प्रत्येक मुलात स्वाभाविकच असते. चिंता करायची ती वयाच्या मानाने अधिक झालेल्या झिजेची. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, ज्यांचे दुधाचे दात आम्लाने झिजले होते, त्यांच्या कायमच्या दातांना हाच धोका सुमारे चौपट दिसला. दूधदात पडतात, सवय मात्र पडत नाही.

आता धोक्याची कारणे. पहिले कारण आंबट पेये. येथे ‘किती’ इतकेच महत्त्व ‘कसे’ याला आहे. जेवणाबरोबर पेलाभर सरबत पिऊन मोकळे झालेले मूल आणि तेच सरबत बाटलीतून तासभर चोखत बसलेले मूल यांच्या दातांत फार अंतर पडते. लाळ आम्ल धुऊन टाकते, पण तिला अवसर मिळाला पाहिजे. झोपेत लाळ फारच कमी सुटते. म्हणून रसाची बाटली तोंडात धरून झोपणे सर्वांत वाईट. आंबटगोड गोळ्या आणि चघळण्याच्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या वड्याही याच वर्गातल्या.

दुसरे कारण पोटातील आम्ल. वारंवार उलट्या होणे किंवा जठरातील आम्ल घशाशी येणे हा विकार असला, तर पीएच एक-दोन इतके तीव्र आम्ल दातांना भिडते. लहान मुलाला जळजळ सांगता येत नाही. कधीकधी झिजलेला दातच त्या विकाराची पहिली साक्ष देतो.

तिसरे कारण रात्री दात खाणे. पोटात जंत झाले म्हणून मूल दात खाते, ही आपल्याकडील जुनी समजूत. जंत असतील तर त्यांचे औषध अवश्य द्यावे. पण दात खाण्याशी त्यांचा संबंध खात्रीने सिद्ध झालेला नाही. झोपेतील अस्वस्थता आणि मनावरचा ताण यांच्याशी त्याचा संबंध दिसतो, आणि पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर ही सवय आपोआप सुटते.

चौथे कारण राखुंडी, कोळसा, मिश्री, विटेची पूड. मिश्रीत तर तंबाखूच असते; तिचा मुलांच्या तोंडाशी संबंधच येता कामा नये. पाचवे कारण जन्मापासूनचे: अपुऱ्या दिवसांच्या किंवा कुपोषित मुलांचे दंतवल्क पुष्कळदा मुळातच कच्चे असते. अशा मुलाला अधिक जपावे लागते, आणि नेमके त्याच्याच घरी जपण्याची साधने कमी असतात.

खुणा ओळखणे आईबापांना अवघड नाही. पुढच्या दातांची कड पातळ, काचेसारखी दिसते. दात आखूड वाटतात. पृष्ठभाग गुळगुळीत होतो. दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात आणि मधून पिवळा रंग डोकावतो. मूल गार पाण्याला तोंड लावीत नाही किंवा एकाच बाजूने चावते.

उपाय साधे आहेत. तहानेला पाणी द्यावे. फळ चावून खाऊ द्यावे, त्याचा रस काढण्याचा हट्ट नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालील मुलांना फळांचा रस देऊच नये, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १२५ मिलिलिटरहून अधिक देऊ नये, असे सांगितले आहे. उलटीनंतर लगेच ब्रश फिरवू नये. साध्या पाण्याने चूळ भरावी. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी घेऊन वडील माणसाने दोन वेळा दात घासून द्यावेत. पहिला दात आला की वर्षाच्या आत दंतवैद्याला दाखवावे, दुखण्याची वाट पाहू नये.

हे दिवस पन्ह्याचे आणि कोकम सरबताचे आहेत. मुलांच्या हातचा पेला काढून घ्या असे आम्ही सांगत नाही. पेला द्यावा, तो जेवणाबरोबर द्यावा, आणि बाटली मात्र उशापासून दूर ठेवावी. जो त्रास मुलाला सांगता येत नाही, तो पाहण्याचे काम आपले आहे.